रेझिस्टर आधी की दिवा आधी

तीर्थरूप मामास,

वाकून नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? मामीला सांग, तिने दिलेली उशी रोज वापरते (झोप लागत नाही, पण त्यात उशीचा दोष नाही).

पत्रास कारण की, आज प्रयोगशाळेत माझी वाचाच बसली असती तर बरं झालं असतं. बॅटरीवर एक छोटा एलईडी दिवा लावायचा होता. तो थेट जोडला तर जळतो, म्हणून वाटेत रेझिस्टर नावाचा अडथळा घालतात. माझ्या जोडीला एक चष्मेवाली आहे, बोलण्यात शांत, हाताने घाईची. तिने रेझिस्टर दिव्याच्या आधी लावायचा सोडून नंतर लावला. मी तिचा हातच धरला. करंट आधी दिव्यात शिरणार, पुढे अडथळा आहे हे त्याला कुठून कळणार, असा माझा सरळ विचार. मागून मॅडम म्हणाल्या, "लावू दे तिला." दिवा लागला. मी मात्र आता जळेल, मग जळेल, असं करत मागे सरकत भिंतीला टेकले. मॅडमनी जागा बदलून दाखवली, तरी उजेड तेवढाच. म्हणाल्या, या वाटेवर करंट सगळीकडे सारखाच असतो, दिव्यात खर्च होऊन उरलेला पुढे जातो असं नाही. वर्गाने माना डोलावल्या. मी विचारलं, "मग मॅडम, बॅटरी संपते कशाने?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत (ते जास्त वाईट), नुसतं "उद्या भेट" म्हणाल्या.

बाकी ठीक.

तुझी भाची

ता. क. खरं म्हणजे, मला ही शाखा सोडायची आहे. बाबांना तू सांगशील का? ते तुझंच ऐकतात. कल्पना त्यांचीच आहे असं वाटू दे.

आणखी ता. क. काल पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज मॅडमनी माझा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि मान डोलावणाऱ्या एकेकाला उभं केलं. कोणालाच येईना. चष्मेवाली म्हणाली, करंट दमतो. (मला ते पटलं होतं, पण मान डोलावली नाही.) संपते ती बॅटरीतली ऊर्जा, हे आता मला जवळजवळ कळलं आहे. तेव्हा वरचा ता. क. खोडला असं समज. आणि सवयीप्रमाणे तो वाचल्या वाचल्या तू बाबांना फोन लावला असशील, तर सांग, ते चष्मेवालीबद्दल होतं.