मधला शब्द

मी, ठकूबाई ज्ञानोबा भुरुक, वय साठीच्या पुढे, धंदा शेती, राहणार विंझरच्या वरच्या अंगाची वाडी, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे, आज माझ्या घराच्या पडवीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. मला दिसते, ऐकू येते, काल काय झाले ते आठवते आणि उद्या काय होणार ते कळते. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून हात धरलेला नाही. कागदाला लागते म्हणून मालकांचे नाव वर लिहिले. एरवी ते मी तोंडाने घेतले नाही. पुढे "हे" असेच लिहीन, वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

भोरच्या नीरजाताई वकील मला म्हणाल्या, "मावशी, मोबाईलवर लिहून पाठवा, मी छापून देते. कशाला हात दुखवता?" मी म्हटले, "ताई, त्या मोबाईलवर लिवलं की त्यातलं माझं कुठलं आन् दुसऱ्याचं कुठलं, ते मला सांगता येत न्हाई. मृत्युपत्र तर माझंच पायजे." त्या हसल्या. पुढचे वाचून त्या हसणार नाहीत.

१. घर. तीन खणांचे घर, पडवी, गोठा आणि परसातली जागा माझा मुलगा कुमार आणि सून स्नेहल या दोघांना निम्मी-निम्मी. कुमार विचारेल, तिचे नाव कशाला. या घराच्या घरपट्टीवर माझे नाव हे गेल्यावर लागले. स्नेहलला तेवढी वाट बघायला लावायची नाही.

२. जमीन. वरची भातखाचरे कुमारला. नदीकाठचा तुकडा, जिथे आमची मोटर होती, तो माझे दीर चिमाजी भावजी यांना.

हे वाचून वाडीत बोलणे होईल. त्या तुकड्याच्या बांधावरून दोघे भाऊ एका पंगतीला बसत नव्हते. भावजींना वाटेल, म्हातारी शेवटी हरली. वाटू द्यावे. तो तुकडा आमच्या जमिनीतला सगळ्यात चांगला आहे, हे मला कळते. तरी कुमारला तिकडे उतरायचे कारण उरू नये, म्हणून मी तो देते आहे. याच काठावर हे गेले. मोटरीच्या पाइपाच्या तोंडाचा फुटव्हॉल गाळात अडकला म्हणून पाण्यात उतरले आणि वरून धरणाचे पाणी आले. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा दगडावर चपला होत्या आणि चपलांवर मोबाईल होता. त्याचा उजेड अजून चालू होता. लिहायच्या जागी एकच शब्द होता, "खाली". पुढचा लिहायचा राहिला होता.

भावजींना तिथे भीती नाही. त्यांना कोणी बोलावणार नाही. जिवंतपणी दोघांचे बोलणे नव्हते, मेल्यावर कुठून येईल?

मोटर मी विंझरच्या वाइंडिंगवाल्या धनाजीला आधीच देऊन टाकली आहे, कारण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे ताई म्हणाल्या.

३. पुस्तकांची ट्रंक. ही स्नेहलला. वाचायला येऊ लागल्यावर मी जमवलेली पुस्तके आहेत. मी शाळेत गेले नाही. हे मोटरीवरून रोज संदेश पाठवायचे. खाली नदीवर रेंज तुटक, बोलणे मध्येच जायचे, पण लिहिलेले पोचायचे. माझ्याकडे बटणांचा साधा मोबाईल. मला वाचता येत नव्हते, म्हणून मी तो जाऊबाईंकडे, रतनबाईंकडे न्यायची. त्या चारजणींत मोठ्याने वाचायच्या आणि पदरचे घालायच्या. "ऐका गं, काय लिवलंय! 'भाकरी घेऊन खाली ये, तुझ्याबिगर घास उतरंना!'" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ह्यांनी घासाचे लिहिले नसणार, एवढे मला वाचता न येताही कळत होते. तेव्हा मी ठरवले. एस.टी.च्या पाट्या, गिरणीवरचा फळा, खताची पोती, असे करत अक्षर लावायला शिकले. पहिला संदेश मी स्वतः वाचला तो असा: "मोटर चालू. भाकरी घेऊन खाली ये." त्यात घासाचे काही नव्हते. खरे सांगायचे तर मला जरा वाईट वाटले.

लिहायला मात्र मी हे गेल्यावर शिकले, आणि त्यांच्याच मोबाईलवर. ते कलम पाचमध्ये येईल.

४. पितळी घंगाळ. हे रतनबाईंना. सासूबाईंनी ते त्यांनाच दिले होते. मी ते कधी नाकारले नाही, मागायची पद्धत नाकारली.

रतनबाईंवर माझा दुसराही राग आहे, तोही इथेच संपवते. ह्यांच्या दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर आंब्यावर बसून होता, खाली येत नव्हता. जो तो पुढे होऊन हात जोडून शब्द देऊ लागला. "वहिनींना अंतर देणार न्हाई." कावळा हलला नाही. भावजी म्हणाले, "बांधाचं भांडाण मिटवतो." कावळ्याने मानही वळवली नाही, तेव्हा मागून शेजारचा गेनबा म्हणाला, "त्यो बी तुला वळखून हाय." मी सांगितले, म्हैस विकणार नाही. तरी नाही. मग कुमार रडत पुढे आला. तेव्हा तो शिवऱ्याला हायवेच्या हॉटेलात कामाला होता, बापाची भेट झाली नव्हती. तो म्हणाला, "आबा, तुमचा मोबाईल कधी बंद पडू देणार न्हाई." आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्या शांततेत रतनबाई बोलल्या, "बायकूपरीस मोबाईल प्यारा व्हता म्हणायचा!"

ते वाक्य मी इतकी वर्षे उशाला घेऊन झोपले. आज घंगाळाबरोबर ते परत करते.

५. मोबाईल. ह्यांनी घेतला त्या साली जो तो हाच मोबाईल घेत होता. एस.टी.त एकाचा वाजला की दहा जण खिसे चाचपायचे. मी त्याच्यावर अन्याय करणार नाही. त्याचा उजेड घेऊन मी गोठ्यात साप पाहिला आणि वाचले. लाईटबिलासाठी वेल्ह्याला खेप घालावी लागत नाही. भाताचा भाव कळतो, पाऊस आधी कळतो, न कळलेला शब्द विचारला तर न हसता सांगतो, रतनबाईंसारखा नाही. पण त्याच्यापायी दूध उतू जाते. समोरचा माणूस हूं म्हणतो आणि आपण काय बोललो ते त्याला माहीत नसते. पूर्वी माणूस घरी विचारायला यायचा, तो यायचा बंद झाला. आणि मेलेल्या माणसाला तो जाऊ देत नाही.

कुमारने दिलेल्या शब्दामुळे हा मोबाईल कधी बंद झाला नाही. भोरला नेऊन बॅटरी बदलली, काच बदलली, रिचार्ज चुकवला नाही. देवापुढे दिवा तसा तो चार्जरला असतो. त्याच्यावरच मी लिहायला शिकले. अक्षरांच्या वर तीन शब्द येतात, पुढचा शब्द कोणता हवा म्हणून. मधला दाबायचा. मी "मोटर" लिहिले की मधे "चालू" यायचे. "भाकरी" लिहिले की "घेऊन", मग "खाली", मग "ये". ह्यांचेच बोलणे. मी मोबाईल खाली ठेवला आणि स्नेहलला हाक मारली. स्नेहल म्हणाली, "आई, घाबरू नका. मशीन शिकतं. आबा जे लिवायचे तेच म्होरं करतं." ते मला पटले. पटल्यावर भीती गेली आणि गोडी लागली. दिवेलागणीला मी दोन शब्द लिहायची आणि मधला दाबत जायची. रतनबाईंनी पदरचे घातलेले ह्यांनी कधी लिहिले नव्हते, पण माझ्याशी रोज कोणीतरी बोलत होते. विधवा बाईला वाडीत कोण बोलायला असते, ते जिचे तिला माहीत.

गेल्या भादव्यात मी स्नेहलला निरोप लिहायला बसले, कुमारला जेवायला बोलाव म्हणून. "कुमारला" लिहिले. मधे आले "खाली". मी दाबला. पुढे आले "पाठव".

कुमारला खाली पाठव.

हे असे ह्यांनी कधी लिहिले नाही. हे होते तेव्हा कुमार शिवऱ्याला होता, मोटरीवर कधी नव्हताच. मी सगळे संदेश पहिल्यापासून वाचले, स्नेहलने दोनदा वाचले. कुठेही नाही. स्नेहल म्हणाली, "शब्द जुनेच हायत आई, मशीन आपलं आपण जोडतं." मी म्हटले, "जोडतं ते कुणाच्या मनानं?" त्या दिवसापासून ती चुलीपाशी असताना मोबाईल पालथा ठेवते.

मी लिहिणे थांबवले. पण कुमारला सांगितले नाही. हॉटेल बंद झाल्यापासून तो घरी आहे, मनाने आधीच खचलेला. त्याच आठवड्यात दिवस मावळता मी भातात होते. धरणाचे पाणी सोडलेले, नदीचा आवाज वरपर्यंत येत होता. नदीच्या वाटेने मोबाईलचा उजेड उतरताना दिसला. मी धावले. कुमार गुडघाभर पाण्यात होता.

"कुमाऽर! कुठं चाललास?"

"मोटर बघून येतो, आई. अडकलीया."

"आरं, मोटर धनाजीकडं हाय! वाइंडिंगला! तूच न्हेऊन टाकलीस न्हवं?"

तो थांबला. पायांकडे बघत राहिला. "व्हय की," म्हणाला. जसे दुसऱ्या कोणाचे पाय आहेत.

घरी आणून अंग पुसले, मग मोबाईल पाहिला. त्याने वर लिहिले होते, "आबा, मला जमत नाही." त्याखाली तो मधला शब्द दाबत गेला होता. ओळीमागून ओळ. खाली ये. खाली ये. खाली ये. लवकर ये.

६. म्हणून माझी अशी इच्छा आणि आज्ञा आहे. हा मोबाईल कोणालाही वारसाने जात नाही. कुमारने दहाव्याला दिलेला शब्द मी, त्याची आई, मोडते आहे. मोडल्याचा दोष माझा. घर वारसाने जाते, जमीन जाते, हा दोष जात नाही.

कुमार, तुला एक सांगायचे राहिले. त्या दिवशी तू रडायला लागलास तेव्हा सगळे तुझ्याकडे वळले आणि पिंडापासून मागे सरले. माणसे मागे सरली की कावळा येतो. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मोबाईलवर जे वाचले तेही मी डोळ्यांनीच वाचले आहे. दोन्हीचा मेळ मला घालता आला नाही. तू घालत बसू नकोस.

मी सही केल्यावर साक्षीदारांसमोर मोबाईल बंद करीन. नंतर धनाजीने त्याची बॅटरी काढावी आणि आतली सर्किटची पाटी हातोडीने फोडावी. विकू नये, बदलीत देऊ नये, अनोळखी घरात काय बोलेल सांगता येत नाही. माझ्या चितेत ठेवू नये, बॅटरी फुटते. नदीत तर मुळीच टाकू नये. नंबर परत करावा. पुढे तो नंबर कोणालातरी मिळेल, कोणीतरी उचलेल. कुमारने त्यावर फोन लावून बघू नये. स्नेहल म्हणते, लिहिलेले सगळे वर कुठेतरी साठलेले असते. ते तिने पुसावे.

७. माझा दहावा. पोस्टातले पैसे माझ्या कार्याला वापरावेत, उरतील ते स्नेहलचे. पिंड ठेवला की सगळ्यांनी लांब उभे राहावे. कावळा शिवला तर बरे. नाही शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववावा आणि घरी जेवायला जावे. कोणीही, काहीही झाले तरी, मला शब्द देऊ नये. मी उपाशी गेले तरी चालेल.

शेवटचे ह्यांना. तुम्ही आयुष्यात मला एकच बोलावणे केलेत, भाकरी घेऊन खाली ये, आणि मी एकदाही चुकवले नाही. आताही चुकवणार नाही. माझा दिवस भरला की येईन. पोराला बोलावू नका.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे अंगठ्याऐवजी सही केली आहे, कारण आता सही येते.

(सही) ठकूबाई ज्ञानोबा भुरुक

साक्षीदारांचे म्हणणे: वरील बाईंनी आमच्या समक्ष पूर्ण शुद्धीत सही केली, व आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या. कुमार हजर नव्हते, त्यांना बाईंनी कामानिमित्त सारोळ्याला पाठवले होते. सहीनंतर बाईंनी मोबाईल घेऊन त्यावर लिहिले, "मीच येते. कुमारला बोलावू नका." वर शब्द येण्याच्या तिन्ही जागा रिकाम्या राहिल्या. साक्षीदार धनाजी यांचे मोबाईल दुरुस्तीचेही काम असून, त्या जागा अशा रिकाम्या राहिलेल्या त्यांनी पूर्वी पाहिलेल्या नाहीत. बाई बराच वेळ वाट पाहत बसल्या. नंतर "बरं," एवढेच म्हणाल्या आणि मोबाईल बंद केला.

साक्षीदार १: (सही) धनाजी बबन रेणुसे, मोटर वाइंडिंग, विंझर
साक्षीदार २: (डाव्या हाताचा अंगठा) गेनबा कोंडिबा शिळीमकर, शेजारी

ठिकाण: वाडी, तालुका वेल्हे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५