पितळेची पारख

४ जानेवारी, सोमवार

शाळेने आमच्या भिंगरीला दिलेलं ट्रंपेट काढून घेतलं! "नवीन मुलांना द्यायचंय," म्हणाले संगीताचे सर. आणि येत्या रविवारी भिंगरीची संगीत विद्यालयाची परीक्षा. स्वतःचं वाद्य घेऊन या, असा नियम. निवड झाली तर पुढचं सगळं शिक्षण फुकट. नाही झाली तर पोरीचं वाजवणं इथेच संपलं, कारण शिकवणीचा खर्च आमच्या आवाक्यातला नाही.

पोर जेवली नाही. ही म्हणाली, "तुम्ही जन्मभर नळ्या जोडता. ही पण नळीच आहे ना? शोधा की कुठे जुनी मिळाली तर!"

नळीच आहे म्हणे.

५ जानेवारी, मंगळवार

शोधायला गेलो नाही, तरी सापडलं! तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे सिंक तुंबलं होतं. पाना मागायला मान वर केली तर कपाटावर काळी पेटी. आजोबा पूर्वी बँडमध्ये वाजवायचे. "दात गेले, वाजवणं गेलं," म्हणाले आणि पुराव्यादाखल कवळी काढून दाखवली. नको म्हणायच्या आत!

सिंक राहिलं बाजूला. पेटी उघडली.

पितळ मला नवीन नाही. पण हे पितळ वेगळंच. डाव्या हाताची पकड जिथे बसते तिथलं पॉलिश पार उडालंय, बोटांच्या जागा नुसत्या बघून ओळखता येतात. मधल्या बटणाखालच्या व्हॉल्व्हच्या अंगावर नंबर ठोकलाय. त्यावरून साल काढतात, पण बनवणारी कंपनी कधीच बुडाली. आजोबा म्हणतात, साठ वर्षं तरी झाली असतील. मी म्हटलं, वय तोंडी सांगून चालणार नाही, मी तपासणार. ते म्हणाले, "तपासा की. मुलगी बघायला आलाय असं समजा."

तोंडाजवळच्या नळीवर गुलाबी ठिपके शोधले. जुन्या नळांना होतो तो रोग — पितळेतलं जस्त निघून जातं, नुसतं तांबं उरतं, मग बोट दाबलं तरी भोक पडतं. एकही ठिपका नाही! आत बॅटरी मारली. स्वच्छ. मग त्यांनी सांगितलं तसं बटण न दाबता सरकती नळी ओढली, तर बाटलीचं बूच निघावं तसा टॉप आवाज! म्हणजे हवा कुठून गळत नाही. साठ वर्षांत! मी बसवलेले नळ सहा वर्षांत गळतात. (हे इथेच राहू दे.)

शेवटी आजोबा म्हणाले, "आता भोंग्यावर तोंडाची वाफ सोडा." सोडली. वाफ विरताना पितळेवर केसाएवढी रेघ उमटली आणि नाहीशी झाली. तो सांधा होता! एकच पत्रा वळवून, ठोकून ठोकून कोणीतरी तो भोंगा केलाय, आणि सांधा असा जुळवलाय की तो फक्त वाफेला दिसतो. मी पुन्हा वाफ सोडली. पुन्हा. आजोबा हसायला लागले.

घरी आलो तेव्हा आठवलं. सिंक तसंच राहिलं, उद्या जायला हवं.

७ जानेवारी, गुरुवार

व्यवहार ठरला. काही रोख, बाकीच्या बदल्यात आजोबांच्या घरचं सगळं पाइपचं काम. ही म्हणाली, "तुम्हाला फसवलं नाही ना?" मी म्हटलं, फसवलं असलंच तर मी त्यांना.

संध्याकाळी भिंगरीने वाजवलं. शाळेचं वाद्य घरी आणायला परवानगी नव्हती, त्यामुळे तिचं वाजवणं मी कधी ऐकलंच नव्हतं. कधी शाळेत जाऊन ऐकावं, तर तेव्हा नेमका कोणाचा तरी पाइप फुटलेला.

काय आवाज! आधी अगदी हळू, भिंतीपलीकडून यावा तसा. मग वाढत वाढत खोली भरली. शेजारच्या वहिनी भांडायला म्हणून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. माझ्या डोळ्यांत पाणी. मला काही ते लपवता आलं नाही.

साठ वर्षं जुनं पितळ असं बोलतं! बनवणाऱ्याला शोधून नमस्कार करावासा वाटला.

९ जानेवारी, शनिवार

दुपारी भिंगरी झोपली होती. व्हॉल्व्ह मला जरा कोरडे वाटले. आजोबांनी सरकत्या नळ्यांना ग्रीस लावायला सांगितलं होतं, म्हटलं व्हॉल्व्ह का उपाशी ठेवा! माझ्या डब्यातलं लावलं, नळाच्या फिरकीला लावतो ते. उत्तम प्रतीचं. बटणं लोण्यासारखी चालायला लागली.

१० जानेवारी, रविवार

अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

सकाळच्या थंडीत ग्रीस घट्ट झालं. परीक्षेच्या खोलीत भिंगरीने बटण दाबलं ते वर येईचना. मी दाराच्या काचेतून बघत होतो. ती बटण बोटाने वर ओढत होती. नंतर कळलं, व्हॉल्व्हला पातळ तेल लागतं, दोन थेंब.

परीक्षकबाईंनी कपाटातून विद्यालयाचं एक ट्रंपेट काढून दिलं. भोंगा चेपलेला, एक बटण दोऱ्याने बांधलेलं. भंगारवाल्यानेही नाक मुरडलं असतं. मी डोळे मिटून घेतले. पोरीचं वाटोळं केलं मी, माझ्या हाताने.

पुढचं आज लिहवत नाही.

११ जानेवारी, सोमवार

निवड झाली.

काल तिने ते भंगार ओठांना लावलं, आणि तोच आवाज आला. अगदी तोच!

आठवडाभर मी पितळ तपासत बसलो होतो.