उजव्या गालावरचा तीळ

॥ श्री ॥
मु. आष्टा, हनुमान जयंतीचा दुसरा दिवस, एप्रिल १९४४

मुलूख कुठलाही असो, तिथे सुखरूप असणाऱ्या घरच्या धन्यांस विजयमालेचा आष्ट्याहून शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडे सर्व खुशाल. आत्याबाई शेजारी बसून सांगत आहेत, तेव्हा पहिला मजकूर सासूचा, मग सुनेचा. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. माळाकडच्या उसाला पाणी दिले. तुमच्या बहिणीच्या धाकट्याला दात आले आणि पहिला चावा त्याने आत्याबाईंनाच घेतला. आत्याबाई सांगतात, "त्येला लिव्ह, थंडीत कानाला गुंडाळत जा, आन् सायबाच्या म्होरं म्होरं करू नगंस." जसे सांगितले तसेच लिहिले आहे. दिवाळीपासून तुमचे पत्र नाही, हेही लिहायला घेतले होते. पण त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यो खुशाल हाय. म्या डोळ्यांनी बगितलाय."

आता त्या धार काढायला गोठ्यात गेल्या आहेत. गाय नवी व्यालेली, लवकर दूध सोडत नाही, म्हणजे मला वेळ आहे. त्यांनी तुम्हाला कुठे पाहिले, ते आता सांगते.

शिमग्यानंतर गावाबाहेरच्या माळावर भाऊसोंची फिरती टाकी, म्हणजे बोलणारा सिनेमा, आली. मोठा तंबू, भोंगा, आणि आवाज करणारे इंजिन. पहिल्याच आठवड्यात वावटळ आली आणि तंबू उभा फाटला. दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून गेला असता. भाऊसोंनी तंबू शिवायला सांगलीला पाठवला, दोन निंबांच्या मधे पडदा ताणला आणि दवंडी दिली, की आपापल्या बैलगाड्या घेऊन या आणि गाडीत बसून टाकी बघा. अहो, यात्रेला जमत नाहीत एवढ्या गाड्या जमल्या.

मानाप्रमाणे पाटलांची गाडी सर्वांत पुढे. ती इतकी पुढे की पाटलांना नटीचा नुसता कान दिसे. दुसऱ्या दिवशी त्यांची मान आखडली. मागे सरकायला सगळे सांगत होते, पण मानाची जागा सोडायची कशी? महिनाभर ते कान बघत आहेत आणि टाकी फार सुंदर आहे म्हणून सांगत आहेत.

बैल सोडून लांब बांधायचे, असा नियम आहे. आपल्या वाटेकरी बाळासोला तो पटला नाही. "माजी बैलं मानसावानी हायती," म्हणाला. पडद्यावर तोफ सुटली आणि त्याच्या बैलांनी गाडी उधळली. आत बायकापोरे होती. बैल माणसासारखे खरेच, कारण कुठे न धडकता त्यांनी सगळ्यांना थेट घरी नेऊन सोडले. बाळासो मात्र शेंगा घ्यायला उतरला होता. त्याने टाकी शेवटपर्यंत पाहिली.

आता आमचे. पडद्यातल्या घरच्या बायका चार लोकांत कशा बसणार? तेव्हा आपल्या घरासारख्या घरांच्या गाड्या ताणलेल्या पडद्याच्या मागल्या अंगाला लावायचे ठरले. पडदा सुती, चित्र मागूनही दिसते. पुरुष पुढे, आम्ही मागे. कुणी कुणाला दिसत नाही आणि टाकी सगळ्यांना दिसते. आत्याबाई आधी म्हणत होत्या, "टाकी बगितल्यानं डोळं जात्यात." पहिल्या दिवशी मला सोबत म्हणून आल्या. दुसऱ्या दिवसापासून मीच त्यांना सोबत जाते.

टाकीच्या आधी सरकारी लढाईची चित्रे दाखवतात. आपल्या पलटणी, नदी, चिखल, आणि मग एक जवान मोठा दिसतो. हातात पाव आहे, तो हसतो, आणि गालावर हा एवढा तीळ. आत्याबाई गाडीतच उभ्या राहिल्या. "आगं, नाथा," म्हणाल्या. मग ओरडल्या, "नाथा, नीट चावून खा." तोवर पडद्यावर दुसरेच काही आले होते, पण त्यांचे सांगणे चालूच होते.

हे तुम्हाला कळायला हवे म्हणून लिहिते. संक्रांतीपासून त्यांनी रात्रीचे जेवण सोडले होते. पत्र येईपर्यंत एक वेळच, असे काहीतरी देवाला बोलल्या होत्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या होत्या. त्या रात्री घरी येऊन त्यांनी भाकरी मागितली. मी थापत गेले आणि त्या खात गेल्या. मी चुलीकडे तोंड करून रडले. त्यांना वाटले, धूर झाला.

पण पुढल्या बाजूला मोठे मामंजी बसले होते, म्हणजे तुमचे थोरले चुलते हंबीरराव. दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर आले. आत्याबाई थोरल्या दिरापुढे येत नाहीत, त्या दाराआड. मधे पदर ओढून मी. दोघेही माझ्याशी बोलत होते आणि मला एक शब्द बोलायला फट नव्हती.

"सासूला सांग, त्यो आपला नाथा न्हवं. नाथाचा तीळ उजव्या गालावर हाय. ह्येचा डाव्या."

"मामंजीस्नी सांग, म्या आय हाय. तीळ उजव्याच गालावर हाय. डोळ्यांत औषध घाला म्हणावं."

"तिला सांग, म्या रोज बगतो."

"त्येस्नी सांग, म्या बी रोजच बगती."

असे तीन दिवस. कोणी खोटे बोलत नव्हते. मागून पाहिले की चित्र उलटे दिसते, एवढेच. आमच्याकडून सगळी पलटण डावखुरी आहे. साहेब डाव्या हाताने सलाम घेतात आणि पाट्यांवरची अक्षरे शिक्क्यावरच्या अक्षरांसारखी उलटी दिसतात. मला लोणंदच्या शाळेत अक्षरे शिकवली, म्हणून मला पहिल्याच दिवशी कळले. आत्याबाईंना अक्षरे सुलटी काय, उलटी काय, सारखीच. त्या पुढे जाऊन बघणार नाहीत आणि मोठे मामंजी बायकांच्या बाजूला येणार नाहीत. दोघांनी जागा बदलल्या असत्या तर भांडण मिटले असते आणि आत्याबाईंचे जेवण पुन्हा सुटले असते.

शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "बायकूला इचारा की. नवऱ्याचं तोंड तिला ठावं असंल का तुमास्नी?" मोठ्या मामंजींनाही ते पटले. ओसरीवर चार माणसे जमली. मी पदराआडून सांगितले, "तेच आहेत."

तेव्हापासून आत्याबाई दोन्ही वेळा जेवतात. रोज संध्याकाळी गाडी जुंपायला लावतात आणि देवापुढे नैवेद्य ठेवावा तसे लाडू पुढ्यात मांडून, चित्रातल्या तुमच्याकडे बघत ते खातात. भाऊसोंनी एकदा लढाईचे चित्र बदलले, तर आत्याबाईंनी त्यांना बोलावून अशी खरडपट्टी काढली की त्यांनी मुकाट्याने जुने पुन्हा लावले. गावात सगळे विचारतात, "साळूबाई, कसा हाय ल्योक?" त्या म्हणतात, "पाव खातोय."

पत्र फोडून वाचणाऱ्या साहेबांना विनंती, की पुढचा भाग नवराबायकोचा आहे. त्यात पलटणीचे काही नाही. वाचलाच तर कृपा करून हसू नये.

तुमचा तीळ कुठल्या गालावर आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले नाही.

लग्नात अंतरपाट होता, नंतर मुंडावळ्या. मांडवाच्या डहाळ्या वाळायच्या आत तुमची रजा संपली. दिवसा तुम्ही ओसरीवर आणि मी माजघरात, मान खाली. रात्री दिवा मालवलेला, कारण भिंतीपलीकडे आत्याबाई. तुमचा आवाज मला माहीत आहे. पाय तर पक्के माहीत आहेत. सगळी पलटण अनवाणी उभी केली तर तुम्हाला मी एका फेरीत निवडून काढीन. पण सरकार सगळ्यांना बूट घालते आणि दाखवते तोंडे.

तेव्हा मी रोज त्या पाव खाणाऱ्या माणसाकडे बघते. उजवा-डावा सगळा हिशेब कळत असूनही बघते. तो बरा हसतो. तुम्ही असे हसत असाल, असे धरून चालले आहे. मग मनात येते, याचीही कुठे कोणी असेल, आणि मला लाज वाटते. आणि कधी मध्येच वाटते, तो तुम्ही नाहीत, तर तुम्ही कुठे आहात? हे मी घरात कोणापाशी बोलू? मीच सगळ्यांना सांगून बसले आहे, की तुम्ही खुशाल आहात. मला भीती वाटते. साफ लिहिते, फार भीती वाटते.

भाऊसोंचा निरोप आला आहे. तंबू शिवून झाला, अक्षयतृतीयेला लागणार. तंबूत बायकांची जागा पुढे, कनातीच्या आत, सुलट्या बाजूला. आत्याबाईंनी आत्तापासून पुढची जागा धरून ठेवायला सांगितले आहे. त्या दिवशी तीळ डाव्या गालावर जाईल आणि घरात काय होईल, ते मला बघवणार नाही. म्हणून हात जोडून मागते, एक ओळ पाठवा. खुशाल एवढेच लिहिले तरी पुरे. दुसऱ्याकडून लिहवून घेतले तरी चालेल. नुसता अंगठा उठवून पाठवा.

गोठ्यात चरवी वाजली. आत्याबाई येत आहेत. त्या विचारतील, काय काय लिहिलंस, आणि मी तांबड्या गायीचे वाचून दाखवीन.

रजा मिळाली तर रात्रीच्या गाडीने येऊ नका. स्टेशनावर पडून राहा, पण उजाडू द्या. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत उंबऱ्यात उभे राहा. लोक काय म्हणायचे ते म्हणोत, मी मान वर करणार आहे.

नवऱ्याचे तोंड बघायचे राहून गेलेली,
तुमची
विजयमाला