गाठीवरचा अंगठा

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

नोकरीचा पहिला दिवस मजेत गेला. पेणहून सकाळची एसटी धरली, नागोठण्याला खिडकी मिळाली, आणि रोह्याला गेटवरच्या हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा पहिल्या झटक्यात घेतला. त्यावर विळीची जुनी उभी चीर आहे, म्हणून धाकधूक होती. गोदामाच्या माळ्यावर थंडगार ऑफिस आहे, तिथे मला स्वतःचं टेबल आणि फिरती खुर्ची. आठ वर्षं गणपतीच्या कारखान्यात मांडी घालून मूर्तींची बोटं करत बी.कॉम. झालेल्या बाईला खुर्चीचं अप्रूप वाटणारच.

काम सोपं आहे. कांगोतल्या एका खाणीतून काळं खनिज येतं, मोबाइलच्या भागांसाठी. तिकडे बंदूकवाले खाणी बळकावतात आणि माणसांना जबरदस्तीने राबवतात, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला दाखला लागतो : खाण शांत आहे, खोदणारे सगळे जिवंत आहेत, राजीखुशीने काम करताहेत. कागद तपासून त्यावर सही मी करायची.

पुष्कर सर म्हणाले, पेणच्या मुलींना मातीतलं कळतं, म्हणून आम्ही तिकडच्याच घेतो. माझ्याआधी या टेबलावर आमच्या कारखान्यातलीच ऋतुजा होती. दिवाळीआधी पुण्याला गेली म्हणे. मला कळवलंसुद्धा नाही, शहाणी.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

पहिला माल आला. त्या खाणीची रीत अशी की पोत्याच्या गाठीवर ओली माती थापायची आणि खोदणाऱ्याने त्यात अंगठा उमटवायचा. एक्केचाळीस माणसं, एक्केचाळीस अंगठे. तारीख बारा सप्टेंबर. बोटीला दोन महिने लागतात, म्हणजे बरोबर. कारखान्यात मूर्तीच्या पाठीवरचा अंगठा बघून ती कुणी केली ते मी सांगायचे, त्यामुळे मजा वाटली. एकाचं नख दुभंगलेलं आहे.

एका गाठीवरची माती अजून ओलसर होती. शाडू मळून झाली का बघायला दाबतो तसा मी सवयीने अंगठा दाबला. हमाल केरूमामा माझ्यावर खेकसले, हात नाय लावायचा गो, तिनेपण असाच लावला व्हता. कुणी, विचारलं तर पोतं उचलून चालते झाले.

दाखल्यावर सही केली. सर खूश.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

ऋतुजाच्या खणात तळाशी एका बातमीचा छापील कागद सापडला. आमचीच खाण. तीन जुलैला ढासळली, एक्केचाळीस माणसं आत. बंदूकवाल्यांनी वरून माती सपाट करून पहारा बसवला, कुणालाच बाहेर काढू दिलं नाही. खाली ऋतुजाच्या अक्षरात : मग ऑगस्टचे अंगठे कुणाचे?

ऑगस्टच्या मालाचे जुने फोटो कॉम्प्युटरवर उघडून बघितले. माझ्या सप्टेंबरच्या पोत्यांवर तेच अंगठे आहेत. दुभंगलेलं नखही तेच. आणि सगळे जिवंत असल्याचं मी लिहून दिलंय.

सर म्हणाले, तिकडे एका नावाच्या दहा खाणी असतात. इतक्या पटकन उत्तर तयार असलेला माणूस मला आवडत नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

दुसरा माल. गाठींवर तारीख वीस नोव्हेंबर, म्हणजे नऊ दिवसांपूर्वीची. बोटीने?

अंगठे बेचाळीस. नवा बारीक आहे, त्यावर तारेने कापल्याची तिरकी खूण. माती कापायच्या तारेने ऋतुजाचा अंगठा कापला होता, तेव्हा हळद मीच दाबली होती.

तिच्या आईला फोन केला. त्या म्हणाल्या, पुण्याला कशाला जाईल गो प्रणिता, ती रोह्यालाच खोली घेऊन हाय ना, तुझ्याबरोबर कामाला?

मंगळवार, ३ डिसेंबर

सरांना सांगितलं, या मालावर सही करणार नाही, पहिलीही मागे घेते, गिऱ्हाइकाला कळवते. रागावले नाहीत. म्हणाले, सहीचं मनाला लावून घेऊ नको, तुझा अंगठा आहेच आमच्याकडे.

केरूमामांना चहाच्या टपरीवर गाठलं. ऋतुजानेही सही नाकारली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर गेली, ती उतरलीच नाय, एवढं म्हणाले आणि चहा तसाच ठेवून निघाले.

मला भीती वाटतेय.

गुरुवार, ५ डिसेंबर

यंत्राने अंगठा घेतला नाही. चारदा पुसला. मग नीट बघितला —

रेषा नाहीत. चीरही नाही. पॉलिश पेपर मारलेल्या मूर्तीसारखा गुळगुळीत.

नोकरी गेली खड्ड्यात. पण अंगठ्यांचे फोटो ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच आहेत. उद्या सकाळी ते गिऱ्हाइकाला पाठवायचे, सही रद्द म्हणून लिहायचं, आणि मिळेल त्या एसटीने पेण.

शुक्रवार, ६ डिसेंबर, सकाळी साडेदहा

गिऱ्हाइकाला मेल जात नाही. दोनदा —

खाणीची आजची हजेरी आली आहे. बेचाळीस, ऋतुजा, हजर. त्रेचाळीस, प्रणिता —

टेबलाखाली नवीन पोतं. गाठीवरची माती ओली, त्यात उभी चीर. माझी चीर.

पावणेअकरा

जिना नाही. होता तिथे मातीची भिंत —

वहीवर माती पडतेय. वर पंखा फिरताना दिसतोय तरी —

शेजारी कुणीतरी हातांनी उकरतंय. तो हात मी ओळखते. म्हणतेय, घाबरू नको गो, सगळी हायत इथं —

मी लिहून दिलं होतं, खोदणारे सगळे जिवंत आहेत. खरंच आहे ते. सगळे जिवंत आहोत. अजून. आणि वरून कुणीच —