दुसऱ्या कप्प्यातली डुकरं

मंगळवार, दिवेलागण

कॉलेजातून खाद्याच्या प्रयोगासाठी येणारी शीतल आज माझ्या डुकरांची वजनं करून बादलीवर मटकन बसली. एका कप्प्याला तिचं नवं खाद्य, दुसऱ्याला साधं, आणि वजनं सारखीच.

"मावशी, माझं खाद्य फुकट गेलं. सरांना काय दाखवू?"

गप बसावं का? साध्या कप्प्यातली डुकरं लई आशेनं बघायची, म्हणून मीच त्यांना रोज हॉटेलातलं उरलेलं घालत व्हते. पोरीचं तोंड बघवेना. सांगून टाकलं.

"मावशी, असं का केलं?" रडकुंडीलाच आली.

म्हटलं, "रडू नको, पुन्हा कर. हॉटेलाचं बंद. आन् नवं खाद्य कुठल्या पोत्यात ते मला सांगूच नको. कळलंच न्हाई तर कीव कुणाची करू?"

नाक पुसून तिनं ते वहीत लिहून घेतलं.