पिवळा दोन घरं खाली

आई, काल रंगीत मशीनचं खालचं झाकण उघडलं आणि अकरा वर्षांपूर्वी तू बरोबर होतीस हे कळलं, म्हणून लिहायला बसले. दुकान मी देऊन टाकते आहे. मांडवीच्या एका फोटो स्टुडिओत बरीच वर्षं काम केलेली बाई ते घेते आहे आणि ताबा घेण्याआधी मशीन पुरतं तपासून हवं, ही तिची अट होती. म्हणून कोल्हापूरहून इंजिनिअर आला. त्याने चारही रंगांचे डबे काढले, आतला पट्टा बाहेर ओढला आणि त्याच्या खालची बोटाच्या पेराएवढी काच मला दाखवली. तिच्यावर धुळीचा थर बसला होता. मशीन आपले रंग या काचेतून तपासतं. काच मळली की पुरेसा रंग पडला असं समजून ते निळा आणि गुलाबी कमी सोडतं, मग पिवळा वर येतो. "मॅडम, ही काच पुसलीच नाहीत कधी?" त्याने विचारलं. मी त्याला चहा हवा का ते विचारलं.

तू सातवीपर्यंत शिकलेली, मी बी.एस्सी. बाबा मुंबईत नोकरीला होते आणि कोर्टासमोरचं हे झेरॉक्सचं दुकान तू एकटीने उभं केलंस. महिन्यातून एकदा येणाऱ्या इंजिनिअरच्या मागे उभी राहून तू मशीन शिकलीस. खराब निघालेली एकही प्रत फेकायची नाही, हा तुझा नियम. काउंटरच्या वर तार बांधून तू त्या प्रती चिमट्याने लटकवायचीस आणि पाठीमागे पेन्सिलीने कारण लिहायचीस. उभी काळी रेघ, काचेवर व्हाइटनर. मधेच फिकट, कागद सर्दावलेला. पावसाळ्यात कागदाचे गठ्ठे तू कपाटात पेटता बल्ब सोडून ठेवायचीस. वकिलांचा कारकून रोज चिडवायचा, "काय मावशी, फेण्या वाळत घातल्यात काय?" तू मान वर न करता म्हणायचीस, "होय, पण तुझ्या वकिलाला पचायच्या नाहीत रे."

सगळ्यात मला हसू यायचं ते तुझ्या दोऱ्यांचं. प्रत्येक रोलरभोवती एक दोरा गुंडाळून तू तो बरोबर तेवढा कापला होतास आणि ते सगळे खिळ्याला टांगून ठेवले होतेस. कागदावर ठरावीक अंतराने डाग उठले की एका डागापासून दुसऱ्या डागापर्यंत एकेक दोरा लावून बघायचा. जो बसेल त्याचा रोलर खराब. मी तुला परिघाचं सूत्र समजावून सांगत होते. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "सूत्र राहू दे गो, तो कात्रीने कापलेला दोरा खोटं बोलत नाही."

रंगीत मशीन मी आणलं, जुनंच, पण आपल्याला नवं. दोन-तीन महिन्यांतच तू म्हणायला लागलीस की माणसांचे फोटो पिवळट येतात. मी मशीनला रंग जुळवायला लावायचे, पडद्यावर सगळं ठीक असल्याचं यायचं. तू कागद घेऊन पायरीवर उन्हात जायचीस. "बाहेर ये नि उजेडात बघ." मी गेले नाही. कामं पडली होती आणि मशीन ठीक म्हणत होतं.

त्या दिवशी पूर्णगडची एक बाई नवऱ्याचा फोटो मोठा करून घ्यायला आली होती. नवरा जाऊन महिना झाला नव्हता. प्रत निघाली आणि तू ती तिच्या हातात पडू देईनास. "असा देऊ नको गो. काविळीने गेल्यासारखा दिसतोय बिचारा." ती बाई कावरीबावरी झाली. मी तिच्यादेखत म्हणाले, "मशीनला काही झालेलं नाही. तुझे डोळे गेलेत." ती बाईच मधे पडून म्हणाली, "र्‍हांदे, चालंल, द्या." तू चष्मा काढलास, पदराने पुसलास, घडी करून त्याच्या डबीत ठेवलास. मी फोटो पाकिटात घालून दिला. दुसऱ्या दिवशी तू दुकानात आली नाहीस.

आठवड्याने मी तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. औषध घालून, डोळे मिटून तू बाकावर बसली होतीस. डॉक्टर मला आत म्हणाले की एका डोळ्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, रंग तुला व्यवस्थित दिसतात, घाई नाही. बाहेर येऊन मी तुला एवढंच सांगितलं, "मोतीबिंदू आहे." तू म्हणालीस, "मग तुझंच खरं." आणि माझा हात धरून जिना उतरलीस, जणू खरंच दिसत नव्हतं. त्यानंतरची दोन वर्षं तू ओटीवर बसून काढलीस. मी दुकानातून आले की विचारायचीस, "आज काय बिघडलं होतं?" मी म्हणायचे, "काही नाही." खूप काही बिघडायचं. सांगितलं असतं तर तू उठून आली असतीस.

आता जे लिहायचं ते इथे तरी लिहिते. तू यायची थांबलीस त्याच महिन्यापासून मी प्रत्येक फोटोला मशीनच्या पडद्यावरच्या पट्टीत पिवळा दोन घरं खाली करत आले. माणसांचा चेहरा असला की दोन घरं. हात आपोआप जायचा. कोणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. तू गेल्यावर हार घालायचा फोटो मोठा केला, तोही तसाच केला. तेव्हा थांबायला हवं होतं. मी बटण दाबलं आणि फ्रेमवाल्याकडे गेले.

काल काच पुसल्यावर तो फोटो पुन्हा छापला, काही कमीजास्त न करता. पायरीवर नेऊन उन्हात पाहिला. तुझ्या चेहऱ्याचा रंग मी नऊ वर्षं विसरले होते.

हे एका खराब प्रतीच्या पाठीवर लिहिते आहे. कोणाला दाखवणार नाही.

आज सकाळी दुकान घेणाऱ्या बाईला दिलं ते असं: रंगीत मशीन एक, काळ्या-पांढऱ्या प्रतींचं मशीन एक. टोनरचे डबे, चार भरलेले, एक अर्धा. कागदाचं कपाट, बल्बसकट. शटरच्या किल्ल्या दोन. खालचं झाकण उघडून काच कशी पुसायची ते दाखवलं, तिच्याकडून दोनदा करून घेतलं. तिने विचारलं, "तुम्ही किती दिवसांनी पुसायचात, ताई?" तिला खरं उत्तर दिलं.