फाट्यापासून फक्त चार किलोमीटर

८ जानेवारी २००१, सोमवार
मंजूचं पत्र आलं. पोरीचं डोकं फिरलंय. सातवा सरत आलाय, पहिलं बाळंतपण, माहेरी आणायचं ठरलेलं. आणि ही लिहिते काय, तर न्यायला बाबांनी स्वतः यावं. जीप करून नाही. हरसूल रोडच्या फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि तिथून आमच्या पाड्यापर्यंत चालत यायचं. तरच येईन, नाहीतर इथेच बाळंत होईन.

कारण म्हणे माझं दिवाळीतलं पत्र. तेव्हा तिने लिहिलं होतं की ओझं घेऊन फाट्यापर्यंत चालवत नाही, दिवाळीला येणं जमत नाही. मी उलट टपाली कळवलं, चार किलोमीटरला कोणी रडतं का? आमच्या एसटीत त्याला टप्पासुद्धा म्हणत नाहीत. यात मी चूक काय लिहिलं? एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. त्याच्या खाली अंतर असतं, हे आम्ही मानतच नाही.

मंजूची आई चांगुणा सकाळपासून डोळ्याला पदर लावून बसलीय. किती लांब आहे हो तो पाडा, असं चारदा विचारलं. चारदा सांगितलं, फाट्यापासून फक्त चार किलोमीटर.

जाणार. चालत जाणार. त्यात काय एवढं!

९ जानेवारी
हिशेब केला. कंडक्टर म्हणून नोकरी एकतीस वर्षं. वर्षाला २८० ड्युट्या, ड्युटीला सरासरी २२० किलोमीटर. एकूण एकोणीस लाख नऊ हजार सहाशे. म्हणजे पृथ्वीला सत्तेचाळीस फेऱ्या, वर थोडे शिल्लक. आणि मला किलोमीटर शिकवणार कोण, तर माझीच पोरगी.

हिला आकडा सांगितला. म्हणाली, फेऱ्या गाडीने मारल्या, तुम्ही आत तिकिटं फाडत होतात. बायकांना गणित समजत नाही.

तरी सराव केलेला बरा. उद्या पहाटे पाचला उठणार. रोज चार किलोमीटर. ४ फेब्रुवारीला निघायचं ठरवलं.

१० जानेवारी
उठलो ७.४०. थंडी आहे. नाशिकची थंडी म्हणजे काय चेष्टा आहे?

११ जानेवारी
उठलो. काठे गल्लीतून द्वारकेकडे निघालो. प्रश्न असा, की चार किलोमीटर झाले हे कळणार कसं? विचार केला आणि डोकं चाललं. एसटी दीड मिनिटात एक किलोमीटर जाते. माणूस एसटीपेक्षा हळू चालतो, हे मी मोठ्या मनाने मान्य करतो. म्हणून स्वतःला डबल सूट दिली. तीन मिनिटांना एक किलोमीटर. म्हणजे चार किलोमीटर बारा मिनिटांत.

घड्याळ लावून बारा मिनिटं चाललो. चहाच्या गाडीपर्यंत गेलो. दमलो नाही. हा तर पोरखेळ निघाला!

१४ जानेवारी, संक्रांत
आज सुट्टी. तिळगुळाच्या दिवशी कोण चालतं?

१७ जानेवारी
बारा मिनिटं, पैकी पाच चहाच्या गाडीवर. ही हसते. तिला सांगितलं, एसटीलाही थांबे असतात, थांब्यामुळे अंतर कमी होत नाही. रोज चार धरून आठवड्यात वीस किलोमीटर झाले. पोट मात्र आहे तिथेच आहे. ते नंतर जातं म्हणतात.

२१ जानेवारी, रविवार
पुंजाराम आला होता. माझा जुना ड्रायव्हर, सोळा वर्षं एका गाडीवर होतो. त्याला माझी पद्धत सांगितली. तो इतका हसला की बशीतला चहा लेंग्यावर सांडला. म्हणाला, अण्णा, माणूस तीन मिनिटांत किलोमीटर पळत नाय, तुम्ही चालता कसले? म्हणाला, तुम्ही एकतीस वर्षं गाडीत मागं तोंड करून उभे होतात, रस्ता मी बघत होतो. त्र्यंबक रोडला चला, किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत चालून दाखवा.

म्हटलं, चल. मी काय घाबरतो काय!

२२ जानेवारी
गेलो. पुंजाराम स्कूटरवरून पुढच्या दगडाशी जाऊन उभा राहिला. मी निघालो. लागली बावीस मिनिटं. थांबे तीन.

पुंजाराम म्हणाला, हा एक किलोमीटर. मी म्हणालो, शक्यच नाही, माझ्या हिशेबाने हे सात भरतात. कोणीतरी दगड हलवलाय. त्याने स्कूटरचा मीटर दाखवला, त्यातही एकच भरला होता. त्या स्कूटरचा हॉर्नसुद्धा वाजत नाही, तिच्या मीटरवर मी विश्वास ठेवायचा?

वैर नको म्हणून वाद घातला नाही. घरी आल्यावर पाय दुखत होते. साहजिक आहे, सात किलोमीटर झाले.

२४ जानेवारी
मोठ्या स्पर्धेआधी खेळाडू विश्रांती घेतात. आजपासून विश्रांती.

३० जानेवारी
नवे बूट आणले. ही म्हणाली, जुन्या चपला घाला, बूट चावतील. हिला प्रत्येक गोष्टीत बोलायचं असतं. संध्याकाळी परत विचारत होती, पाडा किती लांब आहे, मंजूला तिथून हलवताना त्रास होणार नाही ना. सांगितलं, सोमवारी येताना जावई जीप करणार आहेत, त्रास कसला? लग्न ठरवायला गेलो तेव्हा मी स्वतः तो रस्ता पाहिलाय. जीपमध्ये पुढच्या सीटवर होतो. गुळगुळीत वाटला. मधे थोडा डोळा लागला होता एवढंच.

३ फेब्रुवारी
उद्या कूच. ९.४५ ला फाट्यावरून निघायचं. बारा मिनिटं, वर थांब्यांसाठी आठ. १०.०५ ला मंजूच्या दारात. मग ती काय बोलते बघू!

४ फेब्रुवारी, रविवार
९.४०. फाट्यावर उतरलो. कंडक्टर नवीन पोरगा. त्याला सांगितलं, पुढे चालत जाणार आहे. त्याने नुसतं माझ्या बुटांकडे पाहिलं आणि डबल बेल दिली. गाडी गेली. मी खाली आणि गाडी पुढे, असं कधी झालं नव्हतं. जरा विचित्र वाटलं.

९.४५. निघालो. पिशवीत हिने दिलेले डिंकाचे लाडू, साडी, घोंगडी, थर्मास. पिशवी हलकी आहे.

९.५७. बारा मिनिटं झाली. पाडा आला पाहिजे. आला नाही. मागे वळून पाहिलं तर फाट्यावरची पाटी अजून वाचता येते.

१०.०५. दारात असायला हवं होतं. कोणाच्याच दारात नाही. दारच नाही कुठे.

१०.२५. चढ लागला. जीपमध्ये हा चढ नव्हता, मी शपथेवर सांगतो. पिशवी जड झालीय.

१०.५०. मोळी घेतलेली एक बाई मागून आली. पाडा किती लांब आहे विचारलं. ह्यो काय, पुढंच हाय, म्हणाली. मग विचारलं, तुमी गुरुजींच्या बायकोचे वडील का? होय म्हटलं; जावई इथल्या शाळेवर आहेत. म्हणाली, मागच्या बाजारी जीपला जागा नव्हती, बाई लय दमली, धान्याची पिशवी घेऊन दोन डाव बसली या वळणाला. पोटुशी बाई, कोण बघणार? मी म्हणालो, चार किलोमीटर तर आहे. तिने पदर खोचला. डोक्यावर एवढी मोळी, तरी माझ्यापुढे निघून गेली. पाच मिनिटांत दिसेनाशी झाली.

११.२०. डावी टाच सोलली. आंब्याखाली बसलोय. हा अधिकृत थांबा आहे. थर्मास संपला. दोन लाडू खाल्ले. चार खाल्ले.

११.४०. दोन डाव बसली म्हणे. धान्य आणि पोट घेऊन. मला कळवलं का नाही? कळवलं होतं. दिवाळीत. मी उलट टपाली उत्तर दिलं होतं.

दुपारी ३, पाड्यावर. आता नीट लिहितो.
साडेबाराच्या सुमाराला वरून छत्री येताना दिसली. जावई उद्याची जीप ठरवायला हरसूलला गेलेले, म्हणजे ती मंजूच. एका हातात छत्री, एका हातात पाण्याची बाटली, पुढे पोट. मोळीवाल्या बाईने तिला सांगितलं होतं, तुझे बाबा वाटेत हायेत, लय दमलेत. मी पटकन उठलो. म्हणालो, वेळेच्या आधी पोचत होतो म्हणून थांबलो जरा. तिने पाणी दिलं. मग हाताने जमीन धरून सावकाश माझ्या शेजारी बसली. तिला धाप लागली होती. मी तिच्याकडे बघत होतो.

अजून किती, विचारलं. म्हणाली, बाबा, तुमचं दीड झालंय, अडीच राहिलंय.

मी म्हणालो, मंजू, ते दिवाळीचं पत्र. ती म्हणाली, चला, ऊन वाढतंय. आणि पिशवी तिने उचलली. मी ओढायला गेलो तर म्हणाली, तुमची टाच सोललीय. मी डोळे पुसले. घाम होता असं तिला सांगितलं. तिने मान हलवली.

६ फेब्रुवारी, नाशिक
मंजू कालच सुखरूप आली. आत झोपलीय.

जुन्या सवयीने नोंद करून ठेवतो. फाटा ते पाडा. सुटण्याची वेळ ९.४५, पोचण्याची २.१०. थांबे अकरा. पिशवी शेवटचे अडीच किलोमीटर मंजूकडे, ती आठव्या महिन्यात.

मघाशी ही पायाला हळद लावताना परत विचारत होती, खरं सांगा, किती लांब आहे हो तो पाडा?

म्हणालो, लांब आहे.